परवानगीचा अर्ज आणि तेरच्या विटा

संरक्षित अशा एखाद्या जुन्या वास्तूत फेरफार करावयाचा किंवा ती उतरवावयाची असे कोणाच्या मनात आले, तर कुदळ उचलण्यापूर्वी त्याला एक कागद लिहावा लागतो. त्या कागदावर अर्जदाराचे नाव असते, वास्तूचे नाव असते, करावयाच्या कामाचे त्रोटक वर्णन असते आणि शेवटी ‘तरी परवानगी मिळावी’ अशी विनंती असते. हा कागद एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जातो, त्यावर शेरे पडतात, नकाशे जोडले जातात, आणि एके दिवशी वास्तूभोवती परांची बांधलेली दिसते. गावाला दिसते ती परांची. कागद गावाला दिसत नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यातील, म्हणजे कालपरवापर्यंत ज्यास आपण उस्मानाबाद म्हणत होतो त्या जिल्ह्यातील, बौद्ध जनतेने या न दिसणाऱ्या कागदाकडे लक्ष द्यावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच आहे.

तुळजापूरचे उदाहरण ताजे आहे. श्री तुळजाभवानीचे मंदिर हे राज्याचे संरक्षित स्मारक आहे. मंदिर संस्थानाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते आणि मंदिराच्या जतन-दुरुस्तीचे काम राज्याच्या पुरातत्त्व खात्यामार्फत चालते. हे काम चालू असता गाभाऱ्याच्या भागातील शिळांना तडे गेलेले आढळले, आणि गाभारा व शिखर उतरवून ते पुन्हा उभारावे काय, असा प्रश्न २०२५ साली उपस्थित झाला. पुजाऱ्यांनी आपले म्हणणे मांडले, भाविकांनी मांडले, राजकीय पुढारी तुळजापुरास येऊन बोलून गेले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. श्रद्धेची भाषा पुष्कळ झाली. परंतु तडे किती खोल आहेत, ते कोणी मोजले, मोजणाऱ्याने काय लिहून दिले, शिळा उतरविल्याच तर त्यांस क्रमांक घालून त्याच शिळा त्याच जागी बसविणार की जुन्याच्या जागी नव्या दगडाचे दुसरेच मंदिर उभे राहणार, हे प्रश्न श्रद्धेचे नव्हेत. ते कागदावरचे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरेही कागदावरच असावयास हवीत. येथे संस्थानावर सरकारी अधिकारी, काम करणारे खाते सरकारी आणि परवानगी देणारेही सरकारच. अशा वेळी हा कागद एका घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्यासारखा असतो. बाहेरच्या माणसाने तो पाहिलाच पाहिजे, अशी गरज कोणासच भासत नाही.

यावर आमचे कित्येक वाचक म्हणतील, ‘त्या देवळाशी आमचा संबंध काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि त्यानंतर आमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा गळ्यातील कवड्यांची माळ उतरवून ठेवली. ते शिखर राहिले काय आणि उतरले काय, आम्हांस सारखेच.’ हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्यास आडवळणाने उत्तर देण्याचे कारण नाही. देवीशी आपला संबंध नाही हे खरे. परंतु ज्या कायद्यान्वये त्या शिखरास हात लावण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते त्या कायद्याशी आपला संबंध आहे, आणि तो देवीच्या भक्ताहूनही अधिक निकडीचा आहे.

तो कसा, हे सांगतो. ज्यांच्या वाड्यात सनदा आहेत, वतनपत्रे आहेत, कुळकथा लिहून ठेवलेल्या आहेत, त्यांचा इतिहास त्यांच्या पेटीत सुरक्षित असतो. ज्यांना पिढ्यान् पिढ्या अक्षर गिरवू दिले गेले नाही त्यांचा इतिहास दुसऱ्याच्या मालकीच्या भिंतीत असतो, दुसऱ्याच्या शेतातील पांढरीत असतो, दुसऱ्याच्या देवळाच्या पायात असतो. मालकाने भिंतीस गिलावा केला तर त्याचे काहीच जात नाही. आपला मात्र एकुलता एक साक्षीदार मुका होतो.

पुराव्याची किंमत काय असते हे आपल्या चळवळीस नव्याने शिकविण्याची आवश्यकता नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले हे आपल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्यानंतर सुमारे दहा वर्षे जो दावा चालला त्याची आठवण फार थोड्यांना असते. अस्पृश्यांस त्या तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट अनादि कालापासून चालत आली आहे, अशी प्रतिपक्षाची भूमिका होती. १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या हायकोर्टाने निकाल दिला तो असा, की वहिवाट अनादि असल्याचे सिद्ध झालेले नाही. निकालाचे मर्म ‘सिद्ध’ या शब्दात आहे. जे फार जुने म्हणून सांगितले जात होते ते किती जुने, हे तपासून पाहिले गेले, आणि त्या तपासणीत आपण जिंकलो. जुनेपणाची तपासणी करावयाची तर तपासण्यासारखी वस्तू जागेवर शिल्लक असावी लागते.

आता आपल्या जिल्ह्यातील तेर या गावी चला. आज लोक ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून ओळखतात. परंतु गोरोबांच्या कितीतरी शतके आधी येथे एक मोठी पेठ होती. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर जे तगर नावाचे शहर सांगितले आहे ते म्हणजेच तेर, असे फ्लीट या इंग्रज पंडिताने १९०१ साली दाखवून दिले. १९५७-५८ साली व पुढेही येथे उत्खनने झाली. रोमन व्यापाराशी नाते सांगणाऱ्या वस्तू, हस्तिदंती बाहुली, मातीच्या मूर्ती, मणी असे पुष्कळ काही मिळाले. रामलिंगप्पा लामतुरे या गावकऱ्याने जन्मभर वेचलेल्या वस्तूंचा संग्रह आज त्यांच्याच नावाच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात आहे. कोणत्याही विद्यापीठाचा पदवीधर नसलेला व्यापारी माणूस पावसाळ्यानंतर उघड्या पडलेल्या वस्तू जपून ठेवतो, ही गोष्ट आमच्या पदवीधर तरुणांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. येथे विटांच्या स्तूपाचे अवशेषही उघडकीस आले.

याच गावात त्रिविक्रमाचे देऊळ आहे. ही इमारत विटांची असून तिचा मागचा भाग अर्धवर्तुळाकार आहे. वरचे छप्पर हत्तीच्या पाठीसारखे लांबट व गोलसर आहे, आणि दर्शनी बाजूस चैत्यगृहाच्या कमानीचा आकार आहे. कार्ले किंवा अजिंठा ज्याने पाहिले आहे त्यास हा आकार कशाचा हे सांगावे लागत नाही. तेथे डोंगर कोरून जे केले, ते येथे सपाट जमिनीवर विटा रचून केलेले आहे. पुढचा मंडप मागाहून जोडलेला आहे. आत मूर्ती आहे ती त्रिविक्रमाची, म्हणजे बळीच्या मस्तकावर पाय देणाऱ्या वामनाची. हेन्री कझिन्स यांनी पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात या इमारतीचे वर्णन केले आणि ती मूळची बौद्ध चैत्यशाला असावी, असे मत दिले. आंध्रातील चेजर्ला येथील कपोतेश्वराचे देऊळ हे तिचे भावंड शोभते. तेही विटांचे, तेही मागे अर्धवर्तुळ असलेले, आणि त्याच्याविषयीही हाच वाद.

होय, वाद. तो आपण लपवू नये. अर्धवर्तुळाकार इमारती केवळ बौद्धांनीच बांधल्या असे नाही; त्या काळी तो आकार सर्वांच्याच अंगवळणी पडला होता आणि तेरची इमारत मुळातच वैष्णव देवळाकरिता उभारलेली असू शकेल, असेही काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. आमच्यातील काही उत्साही वक्ते व्यासपीठावर उभे राहिले की महाराष्ट्रातील प्रत्येक जुने देऊळ एका वाक्यात विहार करून टाकतात. टाळ्या पडतात, परंतु एकही वीट त्यामुळे हलत नाही, आणि खऱ्या दाव्याचे वजन मात्र कमी होते. तेरच्या बाबतीत आमचे स्वतःचे मत कझिन्सच्या बाजूचे आहे. गावात स्तूप, बाजूला व्यापारी पेठ, आणि मध्ये चैत्याच्या घडणीची इमारत ही संगती आम्हांस दुर्लक्षिण्याजोगी वाटत नाही. तथापि आमच्या मताने निर्णय होणार नाही, व पुजाऱ्याच्या मतानेही होणार नाही. विटांचे माप, चुन्याचा थर, पायाची खोली, मंडपाचा सांधा मूळ भिंतीस जेथे मिळतो ती जागा, आणि आतील जमिनीखाली जे काही असेल ते, यांवरून निर्णय व्हावयाचा आहे.

म्हणूनच भीती वाटते ती शत्रूची नव्हे, जीर्णोद्धाराची. हा शब्द मोठा फसवा आहे. जीर्णाचा उद्धार म्हणजे जे झिजले आहे त्यास आधार देणे. आपल्याकडे त्याचा व्यवहारातील अर्थ असा झाला आहे की जुन्या विटेवर सिमेंट, जुन्या जमिनीवर गुळगुळीत फरशी, जुन्या खांबावर तेलाचा रंग, आणि दारात देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी दगड. हे करणारे लोक दुष्ट नसतात. ते गावचेच सज्जन असतात, वर्गणी काढतात, स्वतः विटा वाहतात. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापल्याने आतला ओलावा कोंडतो आणि वीट आतून फुगून भुगा होते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. फरशी बसविण्यासाठी जमीन दोन हात उकरली की पाया कोणत्या काळचा हे सांगणारे थर कायमचे ढवळले जातात, हेही त्यांना ठाऊक नसते. त्यांचा हेतू पुण्याचा, आणि परिणाम मात्र पुराव्याच्या नाशाचा. अशा वेळी अर्जाची अट हीच एक भिंत मध्ये उभी असते.

ती अट काय आहे ते थोडक्यात पाहू. देशात प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा १९५८ चा आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६० चा आहे. वास्तू कोणत्या सरकारच्या यादीत आहे त्यावर अर्ज कोठे जावयाचा हे ठरते, म्हणून प्रथम यादी पाहावी. तुळजाभवानीचे मंदिर, धाराशिवची लेणी, तेरचे त्रिविक्रम ही राज्याच्या रक्षणाखालील स्मारके होत. केंद्राच्या यादीतील स्मारकांना २०१० सालच्या दुरुस्तीने कडक कुंपण घातले गेले. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित. तेथे नवे बांधकाम नाही, मग ते सार्वजनिक कामाच्या नावाने का असेना. त्यापुढील २०० मीटर नियंत्रित, तेथे परवानगीने. प्रतिबंधित क्षेत्रातील जुन्या घराची दुरुस्तीसुद्धा परवानगीने. संरक्षित स्मारकाचा नाश करणे, त्यास इजा पोहोचविणे, त्यात फेरफार करणे किंवा ते विद्रूप करणे यांबद्दल पूर्वी तीन महिन्यांची कैद वा पाच हजारांचा दंड होता, तो वाढवून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, असा केला गेला. मालक असो वा पुजारी, कायद्याच्या दृष्टीने हात लावणारा तो हात लावणाराच. राज्याच्या यादीतील स्मारकांचे अंतराचे नियम निराळे असल्याने ते स्वतंत्रपणे विचारून घ्यावेत. हेच अंतर तेथेही लागू आहे असे गृहीत धरू नये.

या व्यवस्थेत एक मोठे छिद्र आहे, आणि प्रस्तुत लेखाचा खरा रोख त्याकडे आहे. एखादी वास्तू संरक्षित म्हणून जाहीर करावयाची असते तेव्हा सरकार तशी सूचना प्रसिद्ध करते आणि ज्याचा हितसंबंध असेल अशा कोणासही दोन महिन्यांत हरकत घेण्याची मुभा देते. येथपर्यंत ठीक. परंतु त्याच वास्तूच्या क्षेत्रात दुरुस्ती वा बांधकाम करण्यासाठी पुढे कोणी अर्ज केला, तर केंद्रीय कायद्याची वाट अशी आहे: सक्षम अधिकारी तो पंधरा दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवितो, प्राधिकरण दोन महिन्यांत आपले मत कळविते, आणि त्यानंतर एक महिन्यात होकार किंवा नकार मिळतो. नकार द्यावयाचा असेल तर अर्जदारास आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळते. दिलेल्या व नाकारलेल्या परवानग्या नंतर संकेतस्थळावर दाखवाव्यात, असेही कायदा सांगतो. निकाल दाखविण्याची आज्ञा आहे. अर्ज दाखविण्याची नाही. अर्जदाराचे ऐकून घेतले जाते; गावाचे ऐकून घेण्याचे कलम नाही. वास्तू संरक्षित करताना जिला विचारण्यायोग्य मानले, ती जनता त्या वास्तूस हात लावताना विचारण्यायोग्य का राहत नाही?

ही मागणी अवास्तव आहे असे कोणास वाटत असेल तर त्याने बाबासाहेबांच्या लंडनमधील घराची हकीगत वाचावी. १९२१-२२ च्या सुमारास विद्यार्थी असताना बाबासाहेब १०, किंग हेन्रीज रोड येथील घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ साली विकत घेतले आणि तेथे संग्रहालय केले. पण राहत्या घराचे संग्रहालय करावयाचे म्हणजे उपयोगात बदल झाला, आणि त्यास तेथील स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते. कॅमडेन कौन्सिलने २०१८ साली ती नाकारली. निवासाची जागा कमी होते, हे कारण. शेजाऱ्यांनी वर्दळीबद्दल हरकती घेतल्या होत्या. अपील झाले, २०१९ साली उघड चौकशी बसली, दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या, आणि मार्च २०२० मध्ये तेथील मंत्र्यांनी कारणे देऊन परवानगी दिली. त्या काळात आपल्यापैकी अनेकांस संताप आला होता, व तो स्वाभाविक होता. परंतु जरा शांतपणे पाहा. एका परक्या राज्याच्या सरकारने विकत घेतलेल्या घरासंबंधीचा अर्ज, त्यावरच्या शेजाऱ्यांच्या हरकती आणि अखेरचा सकारण निर्णय, हे सर्व कोणाही माणसास वाचता येत होते. जे लंडनच्या एका गल्लीतील शेजाऱ्यास मिळते ते तेरच्या भूमिहीन मजुरास का मिळू नये?

येथे आपली मागणी नेमकी काय, याविषयी घोटाळा नसावा. आपण तेरच्या देवळाचा ताबा मागत नाही. १९९१ चा प्रार्थनास्थळांचा कायदा १५ ऑगस्ट १९४७ रोजी ज्या स्थळाचे जे धार्मिक स्वरूप होते ते तसेच ठेवण्यास सांगतो. प्राचीन स्मारके त्या कायद्याच्या कक्षेतून वगळलेली आहेत, हे काही वकील मोठ्या उत्साहाने दाखवून देतात. त्या पळवाटेचा लाभ घेऊन आज दुसरे कोणकोणत्या ठिकाणी काय करू पाहत आहेत, हे आपण उघड्या डोळ्यांनी पाहतो. ज्या दरवाज्यातून दुसऱ्याने शिरू नये असे आपणास वाटते त्या दरवाज्यातून आपण शिरावयाचे नसते. त्रिविक्रमाची पूजा करणारा माणूस तेथे पिढ्यान् पिढ्या हात जोडतो आहे. त्यास बाहेर काढून आपणास काय मिळेल? आपणास हवी आहे ती खरी माहिती सांगणारी पाटी, मोजमापे घेऊन ठेवलेली भिंत, आणि त्या भिंतीस कोणी हात लावण्यापूर्वी ‘असा असा अर्ज आला आहे’ अशी चावडीवर मराठीत लावलेली सूचना.

धाराशिवच्या लेण्यांना तर ही गोष्ट अधिकच लागू पडते. शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर बालाघाटच्या कड्यात ही लेणी आहेत. फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात त्यांना जैन लेण्यांत स्थान दिले. पुढे काही संशोधकांनी विहाराची रचना, भिक्षूंच्या खोल्या आणि अजिंठ्याशी असलेले साम्य यांवरून ती मूळची बौद्ध आणि नंतर जैनांची झाली, असे मत मांडले. कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूरजवळच्या लेण्यांची कथा आहे, आणि जैन बांधव तिचा आधार घेतात. त्यांचा तो हक्कच आहे. एका लेण्यात तीन समाजांची माणसे तीन निरनिराळ्या भावनांनी उभी राहतात. कोणी एकाने उद्या तेथे रंग लावला, चौथरा बांधला, मूर्तीस मुकुट घातला, तर उरलेल्या दोघांचा पुरावा झाकला जाईल. म्हणून अर्ज उघडा असण्यात जैनांचे जेवढे हित आहे तेवढेच आपले आहे.

आणि आता आपल्या स्वतःच्या घराकडे. लेण्यांच्या पायथ्याशी विहार असावा, पुतळा असावा, वर्षावासात उपासकांना बसावयास मांडव असावा, अशी इच्छा आपल्या माणसांत असते व ती चांगली आहे. पण दुसऱ्याच्या अर्जाची प्रत मागणाऱ्याने स्वतःचा अर्ज आधी केलेला असावा. परवानगी नसलेला आपला एक चौथरा दुसऱ्यांच्या दहा चौथऱ्यांना तोंड देतो. शासन आपल्याच चौथऱ्यावर आधी का येते, ही तक्रार बहुधा खरी असते. पण ती तक्रार करताना हातात मंजूर कागद असला तर तिला जोर येतो.

आपल्या वास्तूंबाबत आपणही कमी निष्काळजी नाही. दादरच्या आंबेडकर भवनाचे आणि बुद्धभूषण छापखान्याचे काय झाले ते आठवा. २५ जून २०१६ च्या पहाटे, लोक झोपेत असताना, ती वास्तू जमीनदोस्त झाली. जुलैमध्ये मुंबईत लाखोंचा मोर्चा निघाला, निषेध झाला, आणि तो योग्यच होता. परंतु मोर्चाने भिंत परत येत नाही. ज्या खोल्यांतून बाबासाहेबांच्या चळवळीचे कागद छापून निघाले त्या खोल्यांचे संरक्षण त्या पहाटेपूर्वी कागदोपत्री पक्के झालेले असते, तर यंत्राला आत शिरण्यापूर्वी कोणाच्या तरी सहीची गरज लागली असती.

आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळे आहे. १९४१ च्या फेब्रुवारीत तेथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तीस आले. वतनाच्या जोखडाखाली राबणाऱ्या माणसांपुढे ते उभे राहिले. गावातील शाळेच्या जुन्या इमारतीशी त्यांच्या मुक्कामाची आठवण जोडलेली आहे. अशा ठिकाणी भव्य स्मारक व्हावे असे आपण म्हणतो, पण भव्य या शब्दाने आमच्या मनात धडकी भरते. भव्य स्मारकाचा आराखडा आला की पहिली ओळ बहुधा जुनी इमारत पाडण्याची असते. ज्या दाराच्या चौकटीतून बाबासाहेब आत गेले ती चौकट काढून तेथे त्यांचा उंच पुतळा उभा केला तर पुतळा कोठेही उभा राहू शकला असता. चौकट मात्र त्या एकाच ठिकाणी होती. केंद्राच्या कायद्यात शंभर वर्षांची अट आहे. म्हणून १९४१ च्या प्रसंगाच्या वास्तू संरक्षित म्हणून नोंदवून घेण्यासाठी ग्रामसभेचा ठराव, जिल्हा परिषदेकडे मागणी आणि राज्याच्या खात्याकडे प्रस्ताव, अशी वाट धरावी लागेल. ही वाट लांबची आहे, आणि ती आजच चालू लागल्याखेरीज संपणार नाही.

तेरचे, धाराशिवचे किंवा तुळजापूरचे जे वाचक हा अंक वाचतील त्यांनी पुढील काम या महिन्यात करावे, अशी आमची विनंती आहे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आपल्या हाती आहे. दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि सुमारे दीडशे शब्द, म्हणून देवळाचे, लेण्याचे व पांढरीचे अर्ज वेगवेगळे करावे. भाषण लिहू नये. अमुक स्मारकाची संरक्षणाची अधिसूचना कोणत्या तारखेची. गेल्या दहा वर्षांत त्यात दुरुस्ती, रंगकाम, फरशीकाम वा बांधकाम यांसाठी कोणाकोणाचे अर्ज आले. त्यांवर कोणत्या अधिकाऱ्याने कोणता निर्णय दिला. काम सुरू करण्यापूर्वीची मोजमापे व छायाचित्रे उपलब्ध आहेत काय. असतील तर त्यांच्या प्रती द्याव्यात, एवढेच लिहावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढील तीस दिवसांत त्याच कचेरीतील अपिलीय अधिकाऱ्याकडे प्रथम अपील करता येते. अर्ज पाठविताना तो स्पीड पोस्टाने पाठवावा, त्याची एक प्रत विहाराच्या दप्तरात लावावी, आणि पोहोचपावती त्याच प्रतीस टाचून ठेवावी.